जांभोरीचा होनाजी

आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरांत जांभोरी आहे. होनाजी भागोजी केंगले तिथला महादेव कोळी. इंग्रजांच्या गॅझेटिअरात तो ‘होन्या’, दरोडेखोर. १८७३ पासून त्याच्या टोळीने पुणे, नगर, नाशिक, ठाणे जिल्ह्यांत सावकारांना गाठलं, त्यांची नाकं कापली. हे क्रूरच होतं. त्याला देवमाणूस करताना आपण ते गिळून टाकतो. पण रोख ठरलेला होता: कर्जखतावर अंगठा घेऊन जमीन गिळणाऱ्यांवर. सरकारने त्याच्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं. भात-नाचणीवर जगणाऱ्या वाड्यांना ही रक्कम केवढी! तरी तीन वर्षं तो रानात राहिला, म्हणजे कुणीतरी भाकरी पोचवत होतं आणि तोंड मिटून होतं. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडलं.