उकिरडा, बोहारीण आणि कचरावेचक : शिरूर-दौंडमधील घरकचऱ्याचा इतिहास

घोडनदीकाठच्या शिरूर आणि भीमाकाठच्या दौंड परिसरातील शेतकरी घरांचा कचरा दीर्घकाळ उकिरड्यावर, म्हणजे गोठ्यालगत शेण, राख आणि केर साठवण्याच्या जागी, जात असे आणि तेथे कुजलेले खत पावसाळ्यापूर्वी बैलगाडीने शेतात पडत असे. जुने लुगडे गोधडीत शिवले जाई, नाहीतर बोहारणीला, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फेरीवालीला, दिले जाई. तीही आधी कापड उजेडात धरून ते कितपत विरले आहे हे पाहत असे. मात्र या काटकसरीचे कौतुक करताना, मेलेली जनावरे ओढण्याचे काम वतनाच्या नावाखाली महार समाजावर लादले गेले होते, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. पुढे न कुजणारे प्लास्टिक आले आणि उकिरड्याचे चक्र मोडले. पुनर्वापराचा मोठा भार कचरावेचकांवर आला. त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, तसेच वेचकांना कचरा व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.