जीपच्या नाकावरचे लोखंड (थ्रेड)

दुसऱ्या महायुद्धातील जीपची छायाचित्रे पाहताना एक वस्तू वारंवार दिसते. पुढच्या बंपरच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याहूनही उंच अशी लोखंडी पट्टी उभी असते आणि तिचे वरचे टोक किंचित पुढे वाकलेले असते. कोणाला ती अँटेना वाटते, कोणाला झेंड्याची काठी. ती होती तार कापण्यासाठी. कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाहनाच्या नाकावर वापरणाऱ्याने स्वतःच्या गरजेनुसार लोखंड चढवायचे, या प्रथेतील सर्वांत ठळक आरंभीचा नमुना म्हणून या पट्टीकडे पाहता येते.

जीपची काच पुढे आडवी पाडता येत असे. सैनिक ती बहुधा पाडूनच ठेवीत, कारण उन्हात चमकणारी काच शत्रूला दुरून दिसते. इटलीच्या मोहिमेत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने याचा फायदा घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना किंवा खांबांना मानेच्या उंचीवर तार ताणून ठेवली, की वेगाने येणाऱ्या उघड्या जीपमधील माणसांचे काय होई, हे सांगण्याची गरज नाही. रात्री दिवे विझवून चालणाऱ्या वाहनाला ती तार दिसणेही शक्य नव्हते. तुटून लोंबणाऱ्या टेलिफोनच्या तारांचा धोका वेगळाच.

यावर उपाय शोधला तो आघाडीमागच्या दुरुस्ती पथकांनी. अँगलचा एक उभा तुकडा बंपरला वेल्ड करायचा, त्याला मागून तिरका आधार द्यायचा आणि टोकाशी खाच किंवा आकडा ठेवायचा. तार पट्टीवर आदळते, वर सरकते, आकड्यात अडकते आणि वाहनाच्या वेगानेच तुटते. छायाचित्रांत या पट्टीचे नाना प्रकार दिसतात, कारण जो तो आपापल्या जवळच्या लोखंडातून ती घडवीत होता. याच इटलीत भारतीय डिव्हिजन लढत होत्या. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मोहिमेचे वर्णन वाचताना डोंगर, नद्या आणि तोफा डोळ्यांसमोर येतात. वाहनाच्या बंपरला जोडलेला हातभर-दोन हात लोखंडाचा तुकडा सहसा येत नाही.

मूळ बंपरमध्ये एवढी सोय कशी होती, हेही पाहण्यासारखे आहे. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनाची मागणी केली, तेव्हा पहिला नमुना सादर करण्यासाठी कंपन्यांना अवघे ४९ दिवस दिले होते. एवढ्या घाईत शोभेला वाव नव्हता. जीपचा पुढचा बंपर म्हणजे चासीच्या दोन टोकांना बोल्टने जोडलेला पोलादी चॅनल. त्या काळच्या मोटारींच्या क्रोम चढवलेल्या वळणदार बंपरला काही वेल्ड करण्याचा विचारही कोणी केला नसता. जीपचा बंपर मात्र थेट सांगाड्याशी जोडलेला असल्याने त्यावर काहीही लादता येत होते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या विशेष पथकांनी तर जीपच्या जाळीतील बऱ्याच पट्ट्या कापून टाकल्या, कारण रेडिएटरला हवा हवी होती. उकळून बाहेर पडणारी वाफ वाया जाऊ नये म्हणून पुढे एक नळकांडेही बसवले. एकाच वाहनाचे नाक इटलीत वाढवले गेले आणि वाळवंटात कापले गेले.

युद्ध संपले आणि लाखो जीपा नागरी जीवनात आल्या. शेतकरी, लाकूडतोडे, खाणशोधक आणि हौशी भटके यांच्या हाती त्या पडल्या. १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी सिअॅटल येथे जीपसाठी लॉकिंग हब बनवण्यास सुरुवात केली. १९५९ साली त्यांच्याच कंपनीने विजेवर चालणारी विंच बाजारात आणली. ही तारीख बंपरच्या इतिहासात महत्त्वाची आहे, जरी विंचच्या जाहिरातीत बंपरकडे कोणाचे लक्ष गेले नसेल.

आतापर्यंत बंपरला धक्का सोसायचा होता. विंच आल्यावर त्याला ओढही सोसावी लागली, आणि या दोन ताकदी एकमेकींच्या अगदी विरुद्ध वागतात. समोरून धक्का बसतो तेव्हा बंपर चासीवर दाबला जातो. बोल्टांवर फारसा ताण येत नाही. विंचची दोरी झाडाला बांधून चिखलात रुतलेली गाडी ओढली जाते, तेव्हा तोच बंपर चासीपासून उपटला जाऊ पाहतो. दोरी तिरकी असेल, तर तो पिळलाही जातो. वॉर्न कंपनीच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध ८२७४ विंचची क्षमता ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो होती. मूळ जीपचे वजन याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. अशा विंचसाठी नुसता चॅनल पुरत नाही. जाड पत्र्याची पेटी घडवावी लागते, तिचे कान चासीच्या दोन्ही दांड्यांना कवटाळून मागे न्यावे लागतात आणि दोरीचा ताण थेट दांड्यांत उतरवावा लागतो. येथून पुढे ऑफ-रोड वाहनाचा बंपर हा सांगाड्याचाच एक अवयव झाला.

आता ऑस्ट्रेलिया, जिथे या कथेचा मुख्य भाग घडतो.

युद्धोत्तर काळात तेथे प्रथम लँड रोव्हर आणि नंतर टोयोटाची लँड क्रूझर पोहोचली. १९४९ साली सुरू झालेल्या स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पाच्या बांधकामात या वाहनांची खरी परीक्षा झाली. लेस्ली थीस या ठेकेदाराने आपल्या कामासाठी लँड क्रूझर आयात केल्या. देशाच्या अंतर्भागात मैलोन्मैल कुंपण नसलेली गुरांची कुरणे होती. संध्याकाळ होताच गुरे आणि कांगारू रस्त्यावर येत. मोठा नर कांगारू ८० किलोंच्या पुढे जातो आणि दिव्यांच्या झोतात तो कोणत्या दिशेला उडी मारील याचा भरवसा नसतो. धडकेने गाडीचे शरीर चेपले तर चालते, पण रेडिएटर फुटला की संपले. पुढची वस्ती दोनशे-तीनशे किलोमीटरवर आणि तापमान ४० अंशांवर असताना फुटलेला रेडिएटर हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. म्हणून पाइप वाकवून, वेल्ड करून गाडीच्या तोंडापुढे कठडा उभारला गेला. त्याला नाव पडले बुल बार. कांगारूवरून ‘रू बार’ही म्हणतात.

हे गावठी कठडे मजबूत दिसत, परंतु बरेचसे फसवे होते. वजनदार लोखंड पुढे लटकल्याने पुढच्या स्प्रिंगा दबत. खडबडीत रस्त्यावर सततच्या थरथरीने वेल्डला तडे जात. बार फार खाली आला, की चढणीच्या पायथ्याशी चाकाआधी तोच जमिनीला टेके. मूळ जीपचा पुढचा चढकोन सुमारे ४५ अंश होता. चुकीच्या बारने असा कोन सहज निम्म्यावर येऊ शकतो. आडव्या पाइपांनी दिवे झाकले जात आणि रेडिएटरची हवा अडे. ज्या रेडिएटरला वाचवण्यासाठी बार बसवला, त्यालाच तो गुदमरवी.

मेलबर्नचे अँथनी रोनाल्ड ब्राउन ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडे लँड रोव्हरने प्रवास करीत असताना त्यांना अशीच मोडलेली बुल बार आणि टपावरचे कॅरिअर पाहायला मिळाले. परत येऊन १९७५ साली त्यांनी घरच्या गॅरेजात स्वतःचे साहित्य बनवण्यास आरंभ केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन उभी राहिलेली एआरबी ही कंपनी पुढे या व्यवसायातील जगातल्या मोठ्या नावांपैकी एक झाली. त्यांचा मुद्दा साधा होता: बार प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्रपणे, तिच्या चासीच्या मापानुसार आखला पाहिजे. एकच बार सर्व गाड्यांना ठोकून बसवण्याचे दिवस त्यामुळे मागे पडू लागले.

तोवर मोटार अभियांत्रिकीत एक मोठा वैचारिक बदल होऊन गेला होता. गाडी जितकी कठीण तितकी सुरक्षित, ही समजूत मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी उलटवली. त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी पेटंट घेतलेल्या आणि १९५९च्या मर्सिडीजमध्ये प्रत्यक्षात आलेल्या कल्पनेनुसार, माणसे बसतात तो भाग कठीण हवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा हवा. याचे गणित शाळेतलेच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ६० सेंटिमीटर चुरगळून थांबली, तर आतल्या माणसावर येणारे सरासरी मंदन गुरुत्वाच्या सुमारे १६ पट असते. तीच गाडी २० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर ते सुमारे ४९ पटींवर जाते. पुढचा भाग मोडतो म्हणून माणूस वाचतो. आणि बुल बारचा तर जन्मच पुढचा भाग मोडू न देण्यासाठी झालेला!

एअरबॅग आली तेव्हा हा संघर्ष टाळणे अशक्य झाले. एअरबॅगचा सेन्सर गाडी किती झपाट्याने मंदावते हे मोजतो आणि सेकंदाच्या काही शतांश भागात निर्णय घेतो. गाडीच्या मूळ नाकाचा चुरगळण्याचा वेग गृहीत धरून हे गणित बसवलेले असते. त्या नाकापुढे कठीण लोखंड आले, की कांगारूच्या साध्या धडकेतही एअरबॅग उघडू शकते. आणि बारची जोडणी फार मऊ ठेवली, तर खऱ्या अपघातात उशीर होतो. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियन उत्पादकांनी यावर तोडगा काढला. बार कठीणच ठेवायचा, पण तो आणि चासी यांच्यामधील कंस असे घडवायचे, की ठरावीक ताकदीपलीकडे ते मूळ गाडीप्रमाणेच चुरगळतील. त्यासाठी प्रत्यक्ष धडक-चाचण्या कराव्या लागल्या. वेल्डिंग मशीन आणि पाइप एवढ्या भांडवलावर चालणारा धंदा आता प्रयोगशाळेवर अवलंबून राहू लागला. छोट्या कारागिराला हा बदल परवडणारा नव्हता, हे नोंदवायला हवे.

तरीही एक प्रश्न बाकी होता, आणि तो गाडीच्या बाहेर उभा होता.

बुल बार कुरणातून शहरात आली. १९८०-९०च्या दशकांत युरोपात आणि अन्यत्र ती रुबाबाची खूण बनली. ज्या गाड्यांनी आयुष्यात बैल पाहिला नाही, त्यांच्याही तोंडावर चकचकीत पाइप आले. शहरात समोर येतो तो कांगारू नव्हे, पादचारी. मूळ गाडीचा पत्रा आणि बॉनेट माणसाच्या धडकेने थोडे तरी दबते; पोलादी पाइप दबत नाही. शिवाय धडकेची सगळी ताकद त्या अरुंद पाइपावर एकवटते. बार उंच असल्याने प्रौढाच्या मांडीला-कमरेला लागते आणि लहान मुलाच्या डोक्याला.

युरोपीय संघाने २००५ साली स्वतंत्र निर्देश काढून अशा बारना पाय आणि डोके यांच्या प्रतिकृतींवरील धडक-चाचण्या बंधनकारक केल्या. कठीण धातूच्या बारला त्या चाचणीत टिकणे जवळजवळ अशक्य होते. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तेथे २००२चे मानक बारचा उतार गाडीच्या आकाराशी जुळावा, कडा धारदार नसाव्यात अशा गोष्टींवर भर देते, कारण अंतर्भागातील गरज खोटी नव्हती. अॅडलेड विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या बार तपासल्या तेव्हा पादचाऱ्याच्या दृष्टीने पोलादी बार सर्वांत घातक ठरली आणि पॉलिमरची सर्वांत सौम्य. काही चाचण्यांत तर पॉलिमरची बार उघड्या गाडीपेक्षाही सौम्य निघाली.

भारतात जीप आली ती महिंद्रामार्फत. मुंबईच्या माझगावात १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या सुट्या भागांतून तिची जुळणी सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपाचा ‘गार्ड’ बनवून घेणे ही नव्या गाडीच्या पूजेइतकीच नित्याची बाब झाली. मध्ये खंडोबाचे किंवा छत्रपतींचे चित्र, दोन बाजूंना दोन जादा दिवे. गाड्यांत एअरबॅग नव्हत्या तोवर या गार्डचा आतल्या माणसांना होणारा अपाय फारसा दिसलाही नसेल. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. हे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यासंबंधी आहे. म्हणजे युरोपने बार कशी हवी हे चाचणीने ठरवले, ऑस्ट्रेलियाने मानकाने, आणि भारताने ती मुळात असावीच का या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. गुरे रस्त्यावर मोकळी फिरतात ती मात्र आपल्याकडेही.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दर जून महिन्यात युद्धाच्या स्मरणसोहळ्यासाठी जतन केलेल्या जीपा येतात. त्यांतील कित्येकींच्या बंपरवर ती उभी पट्टी असते, वरचा आकडा पुढे झुकलेला, ताज्या ऑलिव्ह रंगात रंगवलेली.