जबड्यांतील बोगदा

सिन्नर हें गांव गोंदेश्वराच्या देवालयासाठीं आणि विड्यांच्या धंद्यासाठीं महाराष्ट्रास परिचित आहे. तेथील एखाद्या गृहस्थाची अक्कलदाढ दुखूं लागली, तर ती काढावी कीं ठेवावी हा प्रश्न पूर्वीं सोसण्याच्या शक्तीवर सुटे. आतां तो क्ष-किरणांच्या एका लहानशा छायाचित्रावर सुटतो. त्या चित्रांत दाढेच्या मुळांखालीं दोन पांढुरक्या रेषांमध्यें एक काळसर पट्टा दिसतो. खालच्या ओठास व हनुवटीस स्पर्शज्ञान देणारा ज्ञानतंतू हाडांतील ज्या बोगद्यांतून जातो, त्याची ही छाया होय. दाढ काढतांना त्या तंतूस इजा झाली तर ओठ बधिर होतो. बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत तो पूर्ववत् होतो, क्वचित् जन्मभर होत नाहीं. चहाचा पेला ओठास लागला कीं नाहीं हें ज्यास कळत नाहीं, त्याचें दुःख शेजाऱ्यास दिसतही नाहीं.

शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हा बोगदा प्रत्येक बाजूस एकच, असा शिकविला जाई. १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम हॅल्स्टेड यांनीं कोकेन टोंचून बोगद्याच्या मुखाशींच हा तंतू बधिर करण्याची युक्ति काढली. पुढें कोकेन मागें पडलें, युक्ति राहिली. मात्र सुई योग्य जागीं टोंचूनही कांहीं रोग्यांची दाढ बधिर होत नसे. याचीं कारणें अनेक. त्यांपैकीं एक, तंतूची दुसरी शाखा, हाडाआड दडलेलें होतें.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्झबुर्ग येथें राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९६ च्या जानेवारींतच जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनीं स्वतःच्या दांतांचें चित्र घेतलें. त्यासाठीं त्यांना २५ मिनिटें निश्चल राहावें लागलें. अमेरिकेंतील एडमंड केल्स यांचें नांव येथें विसरून चालणार नाहीं. किरणांचा धोका कोणास ठाऊक नसतां त्यांनीं वर्षानुवर्षें उघड्या हातांनीं काम केलें. बोटें गेलीं, हात गेला, आणि १९२८ मध्यें त्यांनीं स्वतःचा अंत करून घेतला. दंतवैद्याच्या खोलींत आज जी सावधगिरी दिसते तिची किंमत अशा माणसांनीं मोजलेली आहे.

फिनलंडच्या पातेरो यांच्या प्रयत्नांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास सबंध जबडा एकाच चित्रांत येऊं लागला, आणि मग मोजदादीस प्रारंभ झाला. १९७७ सालीं नोर्त्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३६१२ चित्रें तपासलीं. ३३ चित्रांत बोगदा दुहेरी आढळला. १९८५ त लँग्लेस प्रभृतींस ६००० चित्रांत असे ५७ जण मिळाले. म्हणजे शंभरांत एकही नाहीं! असा अपवाद दुर्लक्षावयास सोपा असतो. शिवाय हाडाच्या आंतल्या अंगास दुसऱ्याच एका तंतूची खांच असते, तिची छायाही दुसऱ्या बोगद्याचा भास उत्पन्न करते.

१९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चावेझ-लोमेली व सहकारी यांच्या अभ्यासांत याचा उगम गर्भावस्थेंत शोधण्यांत आला. पुढचे दांत, दुधाच्या दाढा व कायमच्या दाढा यांच्याकडे जाणारे तीन मार्ग प्रथम निरनिराळे निघतात व पुढें एकत्र मिळतात, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हें मिलन अपुरें राहिलें कीं दुहेरी बोगदा उरतो. अपवाद म्हणून हिणविलेली गोष्ट ही मूळ रचनेचीच खूण ठरली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शंकूच्या आकाराच्या किरणझोतानें त्रिमिति चित्र घेणारीं यंत्रें आलीं आणि जुने आंकडे कोसळले. जपानांत नाइतो यांच्या २००९ च्या पाहणींत ६५ टक्के, तर कुरिबायाशी यांच्या २०१० च्या पाहणींत १५.६ टक्के बाजूंत शाखा आढळल्या. एकाच देशांतील या दोन आंकड्यांत एवढें अंतर पडावें, हें जबड्यांपेक्षां मोजणाऱ्यांच्या व्याख्येचेंच कार्य म्हणावें लागेल; केसासारखी बारीक फट बोगदा म्हणून धरावी कीं नाहीं, यावर सारें अवलंबून.

तथापि प्रत्येकास त्रिमिति चित्राची आवश्यकता नाहीं, कारण त्यांत साध्या चित्राहून किरण अधिक लागतात. १९९० सालीं रूड व शेहाब यांनीं साध्या चित्रांतील धोक्याच्या खुणा नोंदविल्या: मूळ बोगद्यावर काळवंडणें, बोगद्याची पांढरी रेषा तुटणें, बोगद्यानें वळण घेणें. अशी खूण दिसली, तरच सिन्नरच्या त्या गृहस्थास सुमारें ३० किलोमीटरांवरील नाशिकची वाट धरून मोठें चित्र काढून घेणें इष्ट. आणि ओठ बधिर होण्याचा संभव दाढ काढण्यापूर्वींच त्याच्या कानीं घालावयास हवा.