ओरानिएनबुर्गच्या मातीतले बॉम्ब

१/ जर्मनीतील ओरानिएनबुर्ग या शहरात घराचा पाया खणायचा असेल, तर आराखडा आणि सातबारासारखे कागद पुरत नाहीत. या जमिनीत युद्धकालीन स्फोटके नाहीत, असे प्रमाणपत्रही लागते. महायुद्ध संपून आठ दशके लोटली, तरी हा नियम का टिकून आहे, याविषयीचा हा धागा.

२/ बर्लिनच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर वसलेल्या या शहरावर १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकेची सहाशेहून अधिक बॉम्बफेकी विमाने चालून आली. रेल्वेच्या यार्डाबरोबरच आउअर कंपनीचा कारखाना हे त्यांचे मोठे लक्ष्य होते. तेथे युरेनियमवर प्रक्रिया होत असे. मॅनहॅटन प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज यांनी या हल्ल्याचा आग्रह धरला होता. कारण उघड होते: हा प्रदेश लवकरच सोव्हिएत फौजांच्या ताब्यात जाणार होता. लढाई जर्मनीशी चालू होती आणि बॉम्ब टाकले गेले ते रशियावर डोळा ठेवून!

३/ त्या दिवशी टाकलेल्या बॉम्बपैकी बहुसंख्य बॉम्बना रासायनिक विलंब-फ्यूज होते. बॉम्ब पडताच फुटू नये, काही तासांनी किंवा दिवसांनी फुटावा आणि दुरुस्ती करणाऱ्यांना जागेवर फिरकू देऊ नये, हा त्यामागचा निष्ठुर हिशेब. शेपटाकडील पाती वाऱ्याने फिरत, त्यांचा स्क्रू अ‍ॅसिटोनची काचेची कुपी फोडत असे. अ‍ॅसिटोन खाली झिरपून सेल्युलॉइडच्या चकत्या विरघळवी. त्या चकत्यांनी अडवून धरलेली स्प्रिंगची टाचणी सुटली की स्फोट.

४/ या रचनेत एक गृहीत होते, की बॉम्ब नाक खाली करून रुतेल. ओरानिएनबुर्गची माती मात्र वरून मऊ वाळूची आणि खाली कठीण खडीची. वाळूत शिरलेले कित्येक बॉम्ब त्या थरावर आपटून वळले आणि नाक वर करून स्थिरावले. अ‍ॅसिटोन चकत्यांपासून दूर, शेपटाकडे वाहून गेले. उरली ती फक्त वाफ. शिवाय सेल्युलॉइड वयोमानानेही ठिसूळ होते. म्हणून हे बॉम्ब जुने झाले तसे निरुपद्रवी झाले नाहीत, उलट अधिक बेभरवशाचे झाले.

५/ मग शोधायचे कसे? मोठा आधार हल्लेखोरांच्याच दप्तरातून मिळतो. आपण किती विध्वंस केला हे पाहण्यासाठी दोस्तांची टेहळणी विमाने हल्ल्यानंतर छायाचित्रे घेत. आज तज्ज्ञ ती छायाचित्रे जोडीने लावून, त्रिमितीय दर्शकातून न्याहाळतात. फुटलेल्या बॉम्बचे विवर मोठे, कडेला माती उधळलेली. न फुटलेल्याचे मात्र लहानसे काळे भोक. अशा एकेका ठिपक्याचे स्थान आजच्या नकाशावर बसवले जाते. पूर्व जर्मनीला पश्चिमेकडील हे संग्रह सहज उपलब्ध नव्हते. त्यामुळे ओरानिएनबुर्गमध्ये पद्धतशीर शोधाला खरा वेग आला तो १९९० च्या एकीकरणानंतर. तेव्हापासून तेथे दोनशेहून अधिक बॉम्ब निकामी करण्यात आले आहेत.

६/ पण छायाचित्रात भोक दिसले नाही, म्हणजे बॉम्ब नाही असे मुळीच नाही. झाडी, पाणी, ढिगारा, धूर, लांब सावल्या या सगळ्यांत ते भोक लपते. एका विवराच्या पोटातही दुसरा बॉम्ब शिरलेला असू शकतो.

७/ म्हणून पुढची पायरी जमिनीवरची. लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मॅग्नेटोमीटर टिपतो. मात्र शहरातील भराव खिळे, सळया, जुने नळ यांनी भरलेला. पृष्ठभागावरून घेतलेले मोजमाप तेथे निरुपयोगी ठरते. अशा जागी ठरावीक अंतरावर, साधारण दीड मीटरवर, उभी छिद्रे पाडतात. हादरे देणारे यंत्र अर्थातच वर्ज्य! छिद्रांत प्लास्टिकच्या नळ्या बसवून त्यांतून शोधक सोडतात. संशय आला की हळूहळू, शेवटी हातानेच उकरणे.

८/ युद्धकाळात हेच काम नाझी राजवटीने छळछावण्यांतील कैद्यांकडून जबरदस्तीने करून घेतले. ओरानिएनबुर्गमध्येच झाक्सेनहाउझेनची छावणी होती, हे येथे विसरता येत नाही.

९/ चुकीची किंमत आजही तीच आहे. २००६ मध्ये आशाफेनबुर्गजवळ महामार्गाचे काम करणारे यंत्र बॉम्बवर आदळले आणि चालक ठार झाला. २०१० मध्ये ग्योटिंगेन येथे क्रीडासंकुलाच्या जागेवर सापडलेला बॉम्ब निकामी करण्याची तयारी चालू असतानाच फुटला. त्यात पथकातील तीन अनुभवी माणसे गेली. २०१४ मध्ये ऑइसकिर्शेन येथे इमारतींच्या मलब्यावर काम करणारा उत्खनन यंत्राचा चालक दगावला. म्हणजे मलबा हलवला की धोकाही गावोगाव हलतो.

१०/ आणि खर्च? दीर्घकाळ जर्मन संघराज्य केवळ जर्मन बनावटीच्या युद्धसामग्रीचा खर्च उचलत असे. दोस्तांच्या बॉम्बचा भार राज्ये, नगरपालिका आणि शोधकामापुरता बहुधा जमीनमालक यांच्यावर पडे. २०१३ मध्ये ओरानिएनबुर्गमधील एका घराच्या आवारात सापडलेला बॉम्ब निकामी करणे अशक्य ठरले. तो जागीच उडवावा लागला. पथकाने आपले काम चोख केले, पण घर राहण्याजोगे उरले नाही.