गल्लीची नाडी पाहणारा माणूस

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी खोदलेले तलाव आणि बोड्या आजही इथल्या धानाला पाणी देतात. पण तलाव वस्तीच्या मधोमध आला, की तो डोळ्यांत सलू लागतो. घाण साचली, डास झाले, की कुणीतरी म्हणतो, "बुजवून टाका एकदाचा!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते ऐकले, की मला एका दाढीवाल्या स्कॉटिश गृहस्थाची आठवण होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 चा. ही तारीख आपल्या ओळखीची आहे. पंधरा वर्षांनंतर त्याच दिवशी गांधीजी जन्मले. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. 1886 मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नी अ‍ॅनासह एडिंबरा शहरातल्या एका पडक्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, अंगणे झाडली. शहर सुधारायचे तर आधी त्यात राहावे लागते, ही त्यांची पहिली शिकवण.

1914 मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचना प्रदर्शन घेऊन येणारे जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. माणूस खचला नाही. मित्रांच्या मदतीने नवे साहित्य जमवले आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवले. मग गावोगावची बोलावणी आली. आपल्या नागपूरसाठीही त्यांनी अहवाल लिहिला.

त्यांची पद्धत वैद्याची होती. नकाशावर पट्टी ठेवण्याआधी ते गल्लीबोळांतून पायी फिरत. विहीर कुठे आहे, झाड कुठे आहे, बाया कुठे बसतात, मुले कुठे खेळतात, हे पाहत. सरळ रस्त्यासाठी शंभर घरे पाडली, तर ती माणसे शेजारच्या गल्लीत कोंबली जातात आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो, असे त्यांचे म्हणणे. त्यापेक्षा एखादे पडके घर काढा, मोकळी जागा करा, तिथे झाड लावा. जपून केलेली ही शस्त्रक्रिया स्वस्तही पडते. तलावांबद्दलही तेच. बुजवू नका, साफ करा. मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील.

त्यांची खरी कसोटी लागली ती होळकरांच्या इंदूरमध्ये. 1917 च्या सुमारास शहरात प्लेगची भीती होती आणि लोकांना या परक्या साहेबाचीही भीती वाटत होती. नकाशे घेऊन फिरणारा माणूस घरे पाडणार, असेच सगळे समजत. गेडिस यांनी दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक मागून घेतली. जाहीर केले, की ही मिरवणूक हिंदूंच्या वा मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त असतील, त्या रस्त्याने जाईल. मग काय! घरोघरी झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि स्वच्छ कपड्यांतले, फुले ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. साथ ओसरली. तिचा हंगामही सरत आला होता, हे खरे. पण लोकांच्या मनातली भीती हंगामाने गेली नव्हती.

त्याच 1917 साली गेडिस यांचा मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि अ‍ॅना भारतात आजारपणात वारल्या. तरी काम थांबले नाही. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. मालवणचे गो. स. घुर्ये तिथूनच इंग्लंडला शिकायला गेले आणि पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले. 1924 मध्ये गेडिस यांनी भारत सोडला. 17 एप्रिल 1932 रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक सूचना कपाटांतच राहिल्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात रस्ता रुंद करायचे ठरले. सकाळीच माणसे आली, भिंतींवर लाल फुल्या मारून गेली. एका चाचींनी त्यांना चहा विचारला. थांबायला कुणाला वेळ नव्हता. ज्या भिंतीवर फुली पडली, तिच्याआड चाचींची चूल होती. कुणी आत डोकावले असते, तर फुली कदाचित हातभर सरकली असती.

रस्ते हवेत, गटारे हवीत, याबद्दल वाद नाही. मागणे एवढेच, की फुली मारण्याआधी कुणीतरी दारात थांबावे. गेडिस परमुलखातले होते, आपली भाषा त्यांना येत नव्हती. तरीही ते थांबले. आपण तर इथलेच आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)