घरगुती कूटचलन खनन यंत्रांतील वीज व कार्यक्षमता दोष

निवासी वीजजोडणीवर चालणाऱ्या बिटकॉइन व तत्सम कूटचलनांच्या खनन यंत्रांत यंत्र अचानक बंद पडणे, वारंवार पुन्हा सुरू होणे, हॅशदर घटणे, एमसीबी पडणे व प्लग वितळणे असे दोष आढळतात. या दोषांची कारणे प्रामुख्याने चार ठिकाणी असतात : घरातील वीजपुरवठा, यंत्राचा वीजसंच, उष्णतेचे निस्सारण आणि संगणन फलक. खनन यंत्र दिवसाचे चोवीस तास जवळजवळ पूर्ण भाराने चालते. त्यामुळे इस्त्री किंवा गिझर यांसारख्या थोडा वेळ चालणाऱ्या उपकरणांत न जाणवणारे वायरिंगमधील दोषही त्यात उघड होतात.

पार्श्वभूमी

बिटकॉइनचा पहिला ठोकळा ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. सुरुवातीला खनन साध्या संगणकाच्या प्रक्रियकावर होत असे. पुढे ग्राफिक्स कार्डे आणि इ.स. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेल्या एसिक चिपा वापरात आल्या. इथेरियम हे चलन १५ सप्टेंबर २०२२ रोजी खननाधारित पद्धतीतून बाहेर पडले. त्यामुळे ग्राफिक्स कार्डांवरील घरगुती खननाचा मुख्य आधार संपला आणि वापरलेली कार्डे व जुनी एसिक यंत्रे मोठ्या प्रमाणावर दुय्यम बाजारात आली. अशा यंत्रांत धूळ, सुकलेली उष्णतावाहक पेस्ट व झिजलेले पंखे हे दोष आधीपासूनच असण्याची शक्यता जास्त असते.

यंत्ररचना

एसिक यंत्रात साधारणतः एक नियंत्रण फलक, तीन हॅश फलक, पंखे व वीजसंच असतो. अँटमायनर एस९ या २०१६ मधील यंत्रात प्रत्येक फलकावर ६३ याप्रमाणे एकूण १८९ चिपा आहेत. त्याचा हॅशदर सेकंदाला सुमारे १३.५ टेराहॅश असून वीजवापर सुमारे १,३५० वॅट आहे. अँटमायनर एस१९ प्रो या यंत्राचा हॅशदर सुमारे ११० टेराहॅश व वीजवापर सुमारे ३,२५० वॅट आहे. ग्राफिक्स कार्डांच्या संचात एका मदरबोर्डला रायझरच्या साहाय्याने अनेक कार्डे जोडलेली असतात.

वीजपुरवठ्यातील दोष

विद्युतदाब

भारतात एकफेज पुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट आहे. त्यात ६ टक्के चढउतार धरल्यास तो सुमारे २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान राहतो. खनन यंत्राचा वीजसंच ठरावीक शक्ती घेतो. त्यामुळे दाब कमी झाला की पंख्याप्रमाणे त्याचा विद्युतप्रवाह घटत नाही, उलट वाढतो. ३,२५० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे १४.१ अँपिअर, तर २०० व्होल्टवर सुमारे १६.३ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे दुपारी सुरळीत चालणारे यंत्र संध्याकाळी परिसरातील भार वाढल्यावर १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा ओलांडू शकते. अनेक वीजसंच २०० व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात. यंत्र रोज ठरावीक वेळीच बंद पडत असेल, तर बिघाड यंत्रात नसून दाबात असण्याची शक्यता प्रथम तपासली जाते.

तारा व जोड

सैल जोड हे प्लग वितळण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. जोडातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.१ ओहम रोध असलेल्या जोडात ६ अँपिअर प्रवाहाने ३.६ वॅट, तर १४ अँपिअर प्रवाहाने सुमारे १९.६ वॅट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता सॉकेटच्या बंद पेटीत सतत साचत राहिल्यास प्लास्टिक तपकिरी पडते, मऊ होते व पेट घेऊ शकते. ६ अँपिअरचा सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड व बहुमुखी प्लग या कामासाठी अयोग्य आहेत. १६ अँपिअरच्या बिंदूसाठी किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार व स्वतंत्र एमसीबी वापरतात. मोठ्या यंत्रासाठी वातानुकूलन यंत्राप्रमाणे ४ चौरस मिलिमीटर तार व औद्योगिक सॉकेट अधिक योग्य ठरतात.

एमसीबी साधारणतः ३० अंश सेल्सिअस तापमानासाठी जुळवलेला असतो. तापलेल्या पेटीत तो अंकित प्रवाहापेक्षा कमी प्रवाहावरही पडू शकतो. अशा वेळी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणे, किंवा जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणे, हा उपाय नव्हे. त्याने दोष तसाच राहून केवळ संरक्षण नाहीसे होते.

न्यूट्रल व अर्थिंग

त्रिफेज पुरवठ्याच्या इमारतीत सामाईक न्यूट्रल तुटल्यास काही घरांतील दाब घसरतो, तर काहींचा ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. अशा प्रसंगी वीजसंच काही क्षणांत जळू शकतात. दिवे एकाच वेळी काही खोल्यांत मंद व काहींत अतिप्रखर होणे हे त्याचे लक्षण आहे. ते दिसताच मुख्य स्विच बंद करणे आवश्यक असते. यंत्राच्या धातूच्या पेटीला स्पर्श केल्यावर झिणझिण्या येणे हे अर्थिंग नसल्याचे लक्षण होय. प्रत्येक वीजसंचाच्या गाळणी परिपथातून थोडी गळती अर्थिंगकडे होतच असते. त्यामुळे एकाच ३० मिलिअँपिअर आरसीसीबीवर अनेक यंत्रे जोडल्यास तो विनाकारण पडल्यासारखा वाटतो. आरसीसीबी काढून टाकण्याऐवजी यंत्रे स्वतंत्र परिपथांवर विभागणे हा योग्य उपाय आहे.

यंत्राचा वीजसंच

संगणकाच्या वीजसंचातील १२ व्होल्टचा दाब भाराखाली ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. तो याखाली जात असल्यास संच अपुरा, जुना किंवा अतितप्त झालेला असतो. ग्राफिक्स कार्डांच्या संचात रायझरला साटा जोडणीतून वीज देणे ही नेहमीची चूक आहे. साटा जोडणी १२ व्होल्टवर सुमारे ५४ वॅटपर्यंतच सुरक्षित असते, तर कार्ड रायझरमार्फत ६६ वॅटपर्यंत शक्ती घेऊ शकते. सहा पिनी जोडणी ७५ वॅटसाठी व आठ पिनी जोडणी १५० वॅटसाठी प्रमाणित आहे. एखादे कार्ड आणि त्याचा रायझर वेगवेगळ्या वीजसंचांना जोडणे टाळले जाते.

उष्णता, धूळ व आर्द्रता

यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. १,३५० वॅटचे यंत्र खोलीत सतत तेवढ्याच क्षमतेच्या हीटरसारखे काम करते. बहुतेक एसिक यंत्रांसाठी आत येणाऱ्या हवेची कमाल मर्यादा सुमारे ४० अंश असते. त्यापुढे यंत्र वेग कमी करते किंवा बंद होते. बाहेर पडणारी गरम हवा पुन्हा आत ओढली जाणे हे घरगुती मांडणीतील प्रमुख न्यून आहे. एका बाजूने हवा आत व दुसऱ्या बाजूने थेट खिडकीबाहेर, अशी मांडणी केल्यास ते दूर होते. काही ग्राफिक्स कार्डांत मुख्य चिप थंड दिसूनही स्मृतीचिपा ११० अंशांना पोहोचल्याने वेग घटतो. तेथे उष्णतावाहक पॅड बदलावे लागतात. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या यंत्रावर आर्द्रता साचते. धूळ ओलसर झाल्यावर ती अंशतः विद्युतवाहक बनते. म्हणून दीर्घ खंडानंतर यंत्र सुरू करण्यापूर्वी ते साफ व कोरडे करणे आवश्यक ठरते.

कार्यक्षमतेतील घट

यंत्राने दाखवलेला हॅशदर आणि पूलने दाखवलेला हॅशदर यांत फरक असतो. पूलचा आकडा मिळालेल्या शेअरांच्या संख्येवरून काढलेला अंदाज असतो. १०० शेअरांवर आधारलेल्या अंदाजात साधारण १० टक्के चढउतार केवळ योगायोगाने होतो. म्हणून निदानासाठी २४ तासांची सरासरी पाहतात. नाकारलेले किंवा शिळे शेअर वाढल्यास इंटरनेट जोडणी, वायफाय किंवा दूरचा पूल हे कारण असू शकते. यंत्रातील त्रुटींची संख्या वाढल्यास अतिवेग, अपुरा दाब किंवा उष्णता यांचा संशय घेतला जातो.

हॅशदर नेमका एक तृतीयांशाने घटल्यास तीनपैकी एक फलक बंद असतो. फलकावरील चिपांत संदेश एकीकडून दुसरीकडे साखळीने जातो. नोंदवहीत ६३ ऐवजी ४० चिपा दिसल्यास दोष बहुधा चाळिसाव्या चिपेनंतरच्या भागात असतो. शून्य चिपा दिसल्यास प्रथम वीजजोडणी व माहितीची पट्टीतार तपासतात. फलकांची जागा आपसात बदलून पाहिल्यास दोष फलकाबरोबर जातो की जागेवरच राहतो हे कळते.

दोषशोधनाचा क्रम

प्रथम लक्षण व वेळ यांची नोंद केली जाते. त्यानंतर भार चालू असताना सॉकेटवरील दाब मोजला जातो. पुढे यंत्र बंद करून प्लग, सॉकेट व तारांचा रंग आणि वास तपासला जातो. मग हवेचा मार्ग व पंखे, त्यानंतर यंत्राची नोंदवही आणि सर्वांत शेवटी फर्मवेअर पाहिले जाते. एका वेळी एकच बदल करणे हा या क्रमाचा मूळ नियम आहे. यंत्राचा वेग कमी करताच दोष थांबत असेल, तर कारण वीज किंवा उष्णता यांत असण्याची शक्यता अधिक असते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे पाच कॅम्प असून कॅम्प ५ अंबरनाथच्या बाजूला आहे. मूळ बराकींच्या जागी दाटीने उभ्या राहिलेल्या घरांत सामाईक भिंती, अरुंद गल्ल्या व टप्प्याटप्प्याने वाढवलेले वायरिंग आढळते. अशा ठिकाणी एका घरातील तापलेला जोड शेजारच्या घरालाही धोकादायक ठरतो आणि पंख्यांचा सुमारे ७५ डेसिबल आवाज भिंतीपलीकडे पोहोचतो. शहरातील जीन्स व्यवसायामुळे शिलाईकामाच्या शेजारी ठेवलेल्या यंत्रांच्या उष्णताशोषकांत कापसाचे तंतू अडकू शकतात. बदलापूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जाते, म्हणजेच यंत्रांची मर्यादा बाहेरच्या हवेतच ओलांडली जाते. जुलै २००५ व जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचे पाणी या पट्ट्यात शिरले होते. त्यामुळे तळमजल्यावरील यंत्र व वीजबोर्ड उंचावर असणे येथे विशेष महत्त्वाचे आहे. परिसराला महावितरण वीज पुरवते. दाबाविषयीची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते.

सुरक्षितता

प्लग काढल्यानंतरही वीजसंचातील धारित्रांत सुमारे ४०० व्होल्टचा भार काही काळ राहतो. त्यामुळे वीजसंच घरी उघडला जात नाही. घरातील वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेणे अपेक्षित असते. विजेच्या आगीवर पाणी टाकत नाहीत. मुख्य स्विच बंद करून कोरड्या भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरतात.

अर्थकारण व कायदा

१,३५० वॅटचे यंत्र दिवसाला ३२.४ व महिन्याला सुमारे ९७२ युनिट वीज वापरते. एप्रिल २०२४ नंतर बिटकॉइनच्या प्रत्येक ठोकळ्याचे बक्षीस ३.१२५ नाणी, म्हणजे दिवसाला सुमारे ४५० नाणी इतके झाले. जगाची एकूण क्षमता ६०० एक्साहॅश धरल्यास १३.५ टेराहॅशच्या यंत्राचा रोजचा वाटा सुमारे ०.००००१ नाणे होतो. एका नाण्याची किंमत ५० लाख रुपये व विजेचा दर १० रुपये धरल्यास ५० रुपयांच्या उत्पन्नासाठी ३२४ रुपयांची वीज खर्च होते. दोष पूर्णपणे दूर करूनही हा तोटा भरून निघत नाही. त्यामुळे जुन्या यंत्राच्या दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडणे उपयुक्त ठरते.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला. खननाच्या यंत्रणेवरील खर्च संपादन खर्चात धरला जात नसल्याचे केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. मंजूर प्रयोजनाहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरते, तर वीजचोरी कलम १३५ नुसार गुन्हा आहे.

हेही पहा

बिटकॉइन
ब्लॉकचेन
महावितरण
उल्हासनगर