तार का चरचरते?

आमच्या गारगोटीकडं पावसात हायलाइनखालून गेलं की वरून चरचर ऐकू येते. गावात म्हणतात, "करंट गळतोय." हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. या गळतीनं जगभरच्या इंजिनियरांना शंभर वर्षं कामाला लावलंय.

महाराष्ट्रात ही गोष्ट 1915 साली सुरू होते. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर, दाब सुमारे एक लाख व्होल्ट. इतका दाब कशाला? तीच वीज दुप्पट दाबानं पाठवली की प्रवाह निम्मा होतो आणि तार तापून वाया जाणारी वीज एक चतुर्थांशावर येते. मग दाब वाढवतच का नेऊ नये?

इथं हवा आडवी येते. तारेवरचे विद्युतभार एकमेकांना ढकलत पृष्ठभागावर येऊन बसतात. लाइनवर ज्याला दाब म्हणतात, त्याला पुस्तकात विभव म्हणतात. भार स्थिर असतील तर धातूच्या गोळ्यावर विभव सगळीकडं सारखंच असतं, पण बाहेरचं विद्युतक्षेत्र आकारावर ठरतं. एक सेंटिमीटर त्रिज्येचा एकटा गोळा 30,000 व्होल्टवर ठेवला, तर त्याच्या पृष्ठभागाशी क्षेत्र सेंटिमीटरला 30,000 व्होल्ट होतं. एवढ्यात कोरडी हवा फुटते, म्हणजे वीज वाहू देते. त्रिज्या दहापट केली, तर त्याच विभवाला क्षेत्र एक दशांश उरतं. तारेचं गणित थोडं वेगळं आहे, पण कल तोच: बारीक तारेभोवती क्षेत्र जास्त. तारेला लोंबणारा पावसाचा थेंब म्हणजे तर टोकच. तिथं हवा फुटते, चरचरते, काळोखात जांभळट दिसते. याला कोरोना म्हणतात. तो नेमका कधी सुरू होतो, याचा नियम अमेरिकन इंजिनियर फ्रँक पीक यांनी 1911 मध्ये मांडला.

उपाय म्हणजे तार जाड करायची. पण जाड तार जड होते, महाग पडते. म्हणून चार लाख व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक फेजला दोन तारा थोड्या अंतरावर शेजारी टांगतात. विद्युतक्षेत्राच्या दृष्टीनं ती जोडी एका जाड तारेसारखी वागते. 1999 मध्ये चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे अशी साडेसातशे किलोमीटरची डीसी लाइन सुरू झाली. तिचा दाब जमिनीच्या तुलनेत पाच लाख व्होल्ट, एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण.

हे आपल्याला कशाला हवं? गावातल्या तारेवर कावळा निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय जवळपास एकाच विभवावर असतात. माणूस मात्र जमिनीच्या विभवावर उभा असतो. उसाच्या रानात स्प्रिंक्लरचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला, की तार आणि माणूस यांच्यातला सगळा फरक त्या पाइपातून अंगात उतरतो. मोठ्या लाइनखाली पाइप तारेला टेकावाही लागत नाही. पुरेसं जवळ गेलं तरी मधली हवा फुटते. म्हणून तारेखालून पाइप नेताना तो आडवाच धरायचा आणि दोघांनी मिळून न्यायचा. घरी शेती असेल, तर आजच हे सांगून ठेवा.